जुन्या अमेरिकन साप्ताहिकातलं 'नाटक बुडालं' छाप कार्टून कसं वाचायचं (आधी दारं बघा)

पहिलं म्हणजे चित्राच्या मधोमध जी बाई गळा काढून रडतेय ना, तिच्याकडे निदान पाच मिनिटं बघायचंच नाही. ती असतेच. १८८० ते १९१५ च्या मधले पक, जज नाहीतर लाइफ या विनोदी साप्ताहिकांचे अंक चाळा, अमेरिकन नाटकाची अवस्था असा विषय असला की बहुतेक वेळा एक ग्रीक झगा घातलेली बाई रडका मुखवटा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली असते, नाहीतर शेक्सपिअरचा अर्धपुतळा तोंड फिरवून बसलेला असतो. बाईचं नाव मेल्पोमिनी, शोकनाट्याची देवी, आणि हसरा मुखवटा हातात असेल तर ती थालिया. हे एवढं कळलं की आपल्याला वाटतं चित्र कळलं. मलाही तसंच वाटायचं, दोनेक वर्षं मी नुसती 'अरेरे बिचारी रंगभूमी' करत पुढच्या पानावर जात होते आणि मुख्य भानगड कोपऱ्यात चाललेली असायची ती माझ्या नजरेतून निसटायची.

भानगड दाराशी असते. तिकीट खिडकी, स्टेज डोअर म्हणजे नटांचं मागचं दार, बाल्कनीचा जिना, आग लागली तर पळायचं दार, जे काही दार चित्रात दिसेल ते शोधायचं आणि बघायचं की किल्ली कुणाकडे आहे, आत कोण घुसतंय आणि बाहेर कोण ताटकळत उभंय. बाई रडतेय हे सगळेच काढतात, दारात कोण उभा आहे हे मात्र दर काळात बदलतं, आणि चित्रकाराची तक्रार नेमकी तिथे सापडते.

ही युक्ती मला एका राजकीय चित्रावरून सुचली, नाटकाच्या नाही. जोसेफ केपलरचं सिनेटवरचं प्रसिद्ध चित्र, पकच्या २३ जानेवारी १८८९ च्या अंकातलं. सिनेटर लोक आपापल्या बाकांवर चिमुकले बसलेत आणि त्यांच्या मागे पैशाच्या थैल्यांची पोटं असलेले राक्षसाएवढे ट्रस्टवाले (ट्रस्ट म्हणजे इथे धर्मादाय नव्हे, आख्खा धंदा मुठीत ठेवणारी मक्तेदार टोळी) रांगेने उभे, पोटांवर तेल, पोलाद, साखर वगैरे लिहिलेलं. सगळ्यांचं लक्ष त्या पोटांवर जातं. पण वर डाव्या कोपऱ्यात गॅलरीत एक छोटंसं दार आहे, त्यावर 'जनतेसाठी प्रवेश' असं लिहिलंय आणि ते दार बंद आहे, अडसर लावून. गॅलरीत माणूस नाही. ते दार हाताने झाकून चित्र बघा, नुसती जाड्या माणसांची टिंगल उरते. मग हात काढा.

आणि हा केपलर मुळात नट होता बरं का. व्हिएन्नाचा माणूस, १८६० च्या दशकाच्या शेवटी सेंट लुइसला आला, तिथे स्टेजवर काम करायचा, मग चित्रं काढायला लागला, १८७१ मध्ये पक नावाचं जर्मन साप्ताहिक काढलं ते बुडालं, मग न्यूयॉर्कला १८७६ मध्ये परत जर्मनमध्ये आणि १८७७ मध्ये इंग्रजीत. पक हे नावच शेक्सपिअरच्या मिडसमर नाइट्स ड्रीममधल्या खोडकर पोराचं, आणि साप्ताहिकाचं ब्रीदवाक्यही त्याच्याच तोंडचं, काय मूर्ख असतात ही माणसं अशा अर्थाचं. म्हणजे नाटकावर टीका करायला बसलेलं हे दुकान नाटकवाल्यांचंच होतं. म्हणून तर यांच्या अर्ध्या राजकीय चित्रांतसुद्धा पडदा, विंगा, फूटलाइट असलं सगळं असतं. राजकारण स्टेजवर आणायची सवय असलेला माणूस स्टेजबद्दलच बोलायला लागला की एकही वस्तू तो उगाच ठेवत नाही, हे धरून चालायचं.

आता चित्र मिळवायचं कुठून. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पकची रंगीत पानं ढिगाने आहेत आणि पक १९१८ लाच बंद पडलं त्यामुळे कॉपीराइटचं टेन्शन नाही, वाट्टेल तेवढी उतरवा, छापा, टीशर्टवर घाला. लाइफ म्हणजे आपल्याला माहीत असलेलं फोटोंचं लाइफ नव्हे, ते नंतर आलं, हे १८८३ मध्ये जॉन एम्स मिचेलने काढलेलं विनोदी लाइफ, बहुतेक काळं-पांढरं. डाउनलोड करताना छोटी जेपीजी घेऊ नका, सगळ्यात मोठी फाइल घ्या, नेट रडेल पण घ्या, कारण या चित्रांतली खरी गंमत टोपीच्या पट्टीवर, खिशातून डोकावणाऱ्या कागदावर आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहिलेली असते. मोबाइलवर नकोच.

फाइल उघडली की मी चारही कोपऱ्यांतून सुरू करते आणि आत येते. जिथे जिथे अक्षर दिसेल ते वहीत उतरवायचं, कळो न कळो. मग खालची ओळ मोठ्याने वाचायची, मोठ्यानेच, कारण कॅप्शनमध्ये उच्चार मुद्दाम मोडलेले असतात, जर्मन माणसाची इंग्रजी, आयरिश माणसाची इंग्रजी, डोळ्यांनी वाचली तर स्पेलिंगच्या चुका वाटतात आणि तोंडाने वाचली की पात्र उभं राहतं. मग तारीख बघायची आणि त्या तारखेच्या मागच्या तीनचार आठवड्यांची वर्तमानपत्रं. साप्ताहिक असलं तरी रंगीत चित्र आधी दगडावर चढवायला लागायचं, त्यामुळे आजची बातमी उद्या चित्रात असं होत नसे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचीच क्रॉनिकलिंग अमेरिका नावाची जुन्या पेपरांची साइट आहे तिथे नटाचं नाव टाकून शोधलं की हमखास काहीतरी हाताला लागतं, आणि कुठलं नाटक कुठल्या थिएटरला किती चाललं हे बघायला इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस.

सही बघताना एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय म्हणून सांगते. खाली 'केपलर' लिहिलंय म्हणून लगेच म्हातारा केपलर समजू नका. तो फेब्रुवारी १८९४ मध्ये गेला. त्याच्या मुलाचं नाव उडो, त्याने बापाच्या मागे बापाचंच नाव घेतलं आणि तोही उत्तम चित्रं काढायचा. म्हणजे १८९४ नंतरचं 'केपलर' हे पोरगं. मी एका ग्रुपवर १९०४ च्या चित्राखाली व्हिएन्नाच्या नटाबद्दल लांबलचक लिहून बसले होते, एका काकांनी अगदी शांतपणे दोन तारखा टाकल्या, बस.

यानंतर खुणा. यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, पण काही खुणा अशा आहेत की त्यावरून वर्ष ओळखता येतं, सासूबाई साडीच्या काठावरून लग्नाचं साल सांगतात तसं.

गोल जिना आणि बाईला उचलून वर नेणारा पुरुष दिसला तर १९०० साल, सॅफो नावाचं नाटक, नटी ओल्गा नेदरसोल. त्या जिन्यावरून न्यूयॉर्कमध्ये अटक, खटला, आणि शेवटी निर्दोष सुटका, सगळं झालं, आणि त्यानंतर जिना काढला की लोकांना हसू यायचं, वर खोलीत काय झालं ते दाखवायचीही गरज नाही. ताटात कापलेलं मुंडकं दिसलं तर १९०७ च्या आसपास, सलोमे नावाचा ऑपेरा. मेट्रोपॉलिटन ऑपेरात जानेवारी १९०७ मध्ये एकच प्रयोग झाला आणि आश्रयदात्यांनी बंद पाडला, मग काय, व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या मिसळ खेळांत, बघावं तिथे सलोमेचा नाच. रथ आणि घोडे दिसले तर बेन-हर, नोव्हेंबर १८९९, यात खरे घोडे स्टेजवर फिरत्या पट्ट्यांवर पळवले होते, जागच्या जागी, आपण जिमला जाऊन पैसे देऊन करतो तेच. असं चित्र असेल तर तक्रार अशी असते की नटापेक्षा यंत्राला आणि जनावराला टाळ्या जास्त. मोठाले शिकारी कुत्रे दिसले तर अंकल टॉम्स केबिन या गुलामगिरीवरच्या नाटकाच्या गावोगाव फिरणाऱ्या कंपन्या, त्या जाहिरातीत नटांच्या आधी कुत्र्यांची नावं टाकतील की काय अशी अवस्था होती. पहिल्या रांगेत चकचकीत टकलांची ओळ म्हणजे पायांचा शो. त्याची सुरुवात सगळे १८६६ च्या ब्लॅक क्रूकपासून धरतात, निब्लोज गार्डनला लागलं होतं, पहिल्या दिवशी साडेपाच तास चाललं आणि एकूण ४७४ प्रयोग. झालं असं होतं की एका फ्रेंच बॅले कंपनीचं थिएटर जळालं, पोरी आणि सामान अधांतरी, ते या दुसऱ्या रटाळ नाटकात घुसवलं आणि धो धो चाललं. बायकांच्या टोपीवर आख्खी बाग आणि मागे मान वाकडी करून बसलेला माणूस, हे १८९० चं दशक, थिएटरात टोपी काढावी म्हणून काही ठिकाणी खरोखर कायदे झाले होते.

दोनतीन बोलीतले शब्दही लागतात. 'डेडहेड' म्हणजे फुकट पासवर आलेला, मेलेला कुणी नाही. 'एंजल' म्हणजे नाटकात पैसे घालणारा शेठ, त्यामुळे ढेरपोट्याला पंख दाखवलेत तर तो स्वर्गवासी झाला असं समजू नका, उलट त्याचाच पैसा स्वर्गवासी होणार असतो. 'भूत चाललं' म्हणजे पगार झाला. आणि फाटका कोट, गळ्याशी फरची कॉलर, हातात पेटी घेऊन रेल्वेच्या रुळांतून स्लीपर मोजत चालणारा माणूस म्हणजे दौऱ्यावर कंपनी बुडाली आणि तिकिटाला पैसे नसल्यामुळे घरी पायी निघालेला नट. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केलाय की शेवटी शेवटी नुसते रूळ काढले तरी पुरायचं. एस.आर.ओ. (स्टँडिंग रूम ओन्ली) ची पाटी म्हणजे आपला हाऊसफुल्लचा बोर्ड, फरक इतकाच की त्यांच्याकडे उभं राहायचं तिकीट तरी मिळायचं.

आता मुख्य दार. १८९६ नंतरचं चित्र असेल आणि त्यात ऑक्टोपस, कोळी, नाहीतर फरचा कोट आणि छातीवर हिरा लावलेला सिगारवाला माणूस असेल तर समजा की विषय थिएट्रिकल सिंडिकेट आहे. हे प्रकरण नीट कळलं नाही तर १८९६ ते १९१५ मधली निम्मी चित्रं डोक्यावरून जातात म्हणून जरा पसरट सांगते.

सहा माणसं. चार्ल्स फ्रोमन, अल हेमन, मार्क क्लॉ, एब अर्लँगर, सॅम निक्सन आणि फ्रेड झिमरमन. न्यूयॉर्कला एकत्र जेवायला बसले आणि ठरवलं की देशभरातल्या थिएटरांच्या तारखा एका ऑफिसातून द्यायच्या. कागदावर हे चांगलंच होतं, खरं तर गरजेचंही होतं, कारण त्याआधी सगळा गोंधळ होता, एकाच गावात एकाच रात्री दोन कंपन्या यायच्या नाहीतर एकही यायची नाही. पण मेख अशी की न्यूयॉर्क ते शिकागो असा दौरा काढायचा तर वाटेतल्या छोट्या गावांत एकेक रात्रीचे खेळ लावावे लागतात, नाहीतर रेल्वेभाडंच सुटत नाही, आणि यांनी नेमकी वाटेतलीच थिएटरं हातात घेतली. मोठ्या शहरात तुमचं स्वतःचं थिएटर असलं तरी तिथपर्यंत पोचणार कसे? आणि थिएटरवाल्याला अट अशी की आमच्या कंपन्या हव्यात तर आमच्याच घ्यायच्या, बाहेरच्याला दार बंद. तारखांवरून आपल्या नाट्यनिर्मात्यांची जी भांडणं होतात ती ज्याने ऐकलीयत त्याला हे लगेच कळेल, फक्त एका नाट्यगृहाऐवजी आख्खा देश डोळ्यासमोर आणा.

म्हणून या काळातल्या चित्रांत दारं इतकी. मिनी मॅडर्न फिस्क ही त्या काळातली फार मोठी नटी, इब्सेनची नाटकं करणारी, तिचा नवरा हॅरिसन ग्रे फिस्क न्यूयॉर्क ड्रॅमॅटिक मिररचा संपादक आणि सिंडिकेटचा कट्टर वैरी, तर या बाईला दौऱ्यात कधी स्केटिंगच्या हॉलमध्ये, कधी मिळेल त्या सभागृहात प्रयोग करायला लागले. १९०६ मध्ये सारा बर्नहार्ट, जगातली सगळ्यात प्रसिद्ध नटी, टेक्ससमध्ये चक्क सर्कशीसारख्या तंबूत खेळली, कारण ती सिंडिकेटच्या विरोधातल्या शुबर्ट भावांकडून, म्हणजे दुसऱ्या थिएटरवाल्यांकडून आली होती. त्यामुळे १९०५-०६ च्या चित्रात तंबू दिसला तर लगेच सर्कस समजायचं नाही, कॅप्शन परत वाचायचं. तंबूला दारच नसतं, म्हणून कुणाला बंदही करता येत नाही.

ऑक्टोपसबद्दल पण एक सांगून टाकते. ती कल्पना नाटकवाल्यांची नाही. तेलकंपनी, रेल्वे, सगळ्यांचाच ऑक्टोपस व्हायचा. सगळ्यात गाजलेला म्हणजे त्याच पोरग्या केपलरचा, पक, ७ सप्टेंबर १९०४, स्टँडर्ड ऑइलची टाकी हेच डोकं, सोंडा कॅपिटॉलभोवती, म्हणजे संसदेच्या इमारतीभोवती गुंडाळलेल्या आणि एक सोंड व्हाइट हाऊसकडे निघालेली. त्यामुळे थिएटरच्या चित्रात ऑक्टोपस आला की वाचकाला सांगायला लागत नसे की हा ट्रस्ट आहे, स्टँडर्ड ऑइलवाल्या रॉकफेलरचा मावसभाऊ. तुम्ही काय करायचं, प्रत्येक सोंड कुठे संपते ते बोट ठेवून बघायचं. सोंडेत नट आहे का थिएटरची इमारत आहे का समीक्षकाची लेखणी आहे? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

समीक्षकाची तक्रार खरी होती. लाइफचा नाट्यसमीक्षक जेम्स मेटकाफ सिंडिकेटच्या हात धुऊन मागे लागला होता. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली, दुपारचा खेळ, मिस्टर ब्लूबिअर्ड नावाचं गाण्याबजावण्याचं नाटक, सुट्ट्या असल्यामुळे बायका-पोरांनी खच्चून भरलेलं. सहाशे माणसं गेली. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झालेले आणि जाहिरात काय तर अजिबात न जळणारं. आगीचा पडदा अर्ध्यात अडकला आणि बाहेर पडायची कितीतरी दारं कुलूपबंद, किंवा अशा खिट्ट्यांची की लोकांना उघडताच येईनात. लाइफने क्लॉ आणि अर्लँगरला जबाबदार धरणारं चित्र छापलं, त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला आणि ज्युरीने कौल लाइफच्या बाजूने दिला. पुढे १९०५ मध्ये मेटकाफला न्यूयॉर्कच्या ४७ थिएटरांत येऊ द्यायचं नाही असं मालकांनी ठरवलं. तिकीट काढून आला तरी नाही. तो कोर्टात गेला, तिथे मालकांचं म्हणणं टिकलं, आमचं दार, आम्ही ठरवणार कुणाला घ्यायचं.

म्हणून सांगते, १९०४ नंतरच्या चित्रातलं कुलूप दिसलं की आधी ही सहाशे माणसं आठवा. तो विनोद राहत नाही.

आता जी गोष्ट बरेच जण गाळतात ती. मेटकाफ बरोबर होता म्हणून लाइफची चित्रं साफ होती असं नाही. सिंडिकेटमधले बहुतेक ज्यू होते, आणि लाइफने ती गोष्ट सोडली नाही, लांब नाकं, वाकडे हात, सगळा गलिच्छ साचा परत परत वापरला, जणू मक्तेदारी ही धंद्याची नाही तर जातीची खोड आहे. तेल, साखर, पोलाद यांच्या ट्रस्टवाल्यांना ढेरी मिळाली, नाटकाच्या ट्रस्टवाल्यांना नाक मिळालं, हा फरक बघून ठेवा. पकमध्ये आयरिश माणूस माकडासारखा, काळा माणूस मिन्स्ट्रेल शोसारखा, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे तसा. चित्र वाचताना मी दोन वेगळ्या रकान्यांत लिहिते, तक्रार काय आहे आणि ती कुणाच्या तोंडावर चिकटवलीय. पहिला रकाना कधी कधी अगदी खरा असतो आणि दुसरा तितकाच घाण. शेअर करताना दोन्ही सांगा, नुसतं 'वा काय रेषा' म्हणून टाकू नका, खाली कुणीतरी विचारतंच आणि विचारायलाच पाहिजे.

मग सोन्याच्या काळाची तपासणी. या चित्रांत डावीकडे 'पूर्वी' आणि उजवीकडे 'आता' अशी मांडणी फार. पूर्वीच्या बाजूला फॉरेस्ट, बूथ असे थोर नट रोमन झग्यात, आताच्या बाजूला तंग कपड्यातली पोरगी आणि गल्ला मोजणारा माणूस. इथे लगेच हळवं व्हायचं नाही, जाऊन बघायचं की पूर्वी खरंच काय होतं. एडविन फॉरेस्ट आणि इंग्रज नट मॅक्रेडी यांच्या वैरातून १० मे १८४९ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टर प्लेस ऑपेरा हाऊसबाहेर दंगल झाली, आत मॅकबेथ चाललेलं, बाहेर सैनिकांनी गोळीबार केला, वीसेक माणसं मेली. कारणात नटांचं भांडण होतंच पण ते ऑपेरा हाऊस श्रीमंतांचं, पांढरे हातमोजे घालून यायचं ठिकाण, साध्या माणसाला दार बंद, हा रागही होता. बघा, परत दारच. आणि एडविन बूथ, सगळ्या चित्रांत ज्याचं भूत उसासे टाकत उभं असतं, त्याने स्वतःचं सुंदर थिएटर १८६९ मध्ये बांधलं आणि १८७४ मध्ये दिवाळं काढलं. सोन्याच्या काळाचा मालक पाच वर्षांत रस्त्यावर. चित्रकाराला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे, त्यातल्या कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. तरी पुढच्या पिढीला झोडायला मागची पिढी सोन्याची करावी लागते.

दुसरीकडे चित्रातल्या नायकाचंही पुढे काय झालं ते बघत जा. १९०५ ला सिंडिकेटशी लढणारे शुबर्ट भाऊ लोकांना हिरो वाटायचे. सिंडिकेट १९१६ च्या सुमाराला संपलं, तोवर शुबर्टांनी स्वतःचं साम्राज्य केलं होतं, आणि १९५६ मध्ये मक्तेदारीच्या खटल्यातून सुटायला त्यांना आपली बरीच थिएटरं विकायला लागली. ऑक्टोपस तोच, बिऱ्हाड बदललं.

नंतरच्या चित्रांवर मी फार रेंगाळत नाही. १९०५ नंतर पाच सेंटवाली सिनेमाची घरं आली, मग दारात कॅमेरावाला उभा, १९१९ मध्ये नटांचा संप झाला तेव्हा स्टेज डोअरबाहेर नटच पाट्या घेऊन उभे, मग बोलपट, मग टीव्ही. आत्ताचं कार्टून वाचायचं असेल तरी हेच करा. २०२५ मध्ये ब्रॉडवेवर डेन्झेल वॉशिंग्टनच्या ऑथेल्लोचं चांगल्या जागेचं तिकीट ९२१ डॉलरपर्यंत गेलं होतं. अशावेळी चित्रातली बाई रडते म्हणून आपण हळहळायचं की खिडकीवर कोण बसलाय ते बघायचं, तुम्हीच ठरवा. माझा भाऊ तिकडे अमेरिकेत एडिसन गावात राहतो, तो म्हणाला ताई, शेक्सपिअर मी नेटवर फुकट वाचतो.

राहिलं ओरिजिनल विकत घ्यायचं असेल तर. मी फसलेय. वर सांगितलेला तेलवाला ऑक्टोपस, एका ऑनलाइन विक्रेत्याने 'अस्सल १९०४' म्हणून दिला, भावाच्या पत्त्यावर मागवला, तो दिवाळीत घेऊन आला, मी हरखून गेले. कागद पिवळा, कडा जरा फाटक्या, सगळं कसं हवं तसं. संध्याकाळी माझ्याकडचं घड्याळजीचं भिंग लावलं आणि पोटात गोळाच आला. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, रांगेत, फुलासारख्या गोलांत, अगदी शिस्तीत. म्हणजे आजकालची ऑफसेट छपाई, पिवळेपणासकट छापलेली, फाटलेली कडासुद्धा छापलेली!

खऱ्या पकची रंगीत पानं ही शिळाछाप, दर रंगाला वेगळा दगड, ऑटमन नावाच्या छपाईवाल्याकडे, पकच्याच लफायेट स्ट्रीटवरच्या इमारतीत (ती लाल इमारत अजून आहे, कोपऱ्यावर सोनेरी पक हातात आरसा धरून उभा). त्यात ठिपके असतात पण हाताने टाकलेले, कमीजास्त, कुठे दाट कुठे विरळ, रांगोळीच्या पुडीतून सांडल्यासारखे. रंग कधी कधी रेषेबाहेर सांडलेला असतो, रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक रंगांची जुळणी, हललेलं असतं. मधल्या दुहेरी पानाला घडी असते आणि मागच्या बाजूला साधारणपणे काळ्या शाईतला मजकूर असतो, मागे कोरं असेल तर शंका घ्या. आणि विक्रेत्याला आधी सांगा की भिंगातून काढलेला एक फोटो पाठव, जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या.

भिंगाची सवय करायला पक लागतही नाही. आजीच्या देवघरात जुनी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी असेल तर ती उतरवा, तोच काळ, तीच दगडावरची छपाई, त्यांच्याकडेही जर्मन कारागीर होते. लक्ष्मीच्या गालावर भिंग ठेवा, दहापट पुरे. मी ठेवलं तेव्हा आई ओरडली की देवाला असं जवळून बघतात का, पण मग तीही वाकून बघायला लागली आणि म्हणाली अगं हे तर सगळं हाताने टाकलंय की. तो नकली ऑक्टोपस मी परत नाही पाठवला, पाठवायचा खर्चच जास्त होता, आता तो फ्रिजशेजारी लावलाय आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, सोंड कुठल्या दारापर्यंत पोचलीय दाखव.